काळीडोंगरीची हजेरी

काळीडोंगरी शहर बघायचं असेल तर लवकर या, म्हणजे आहे तोवर. सालेकसा ओलांडून पुढे यायचं, डांबर संपलं की माझं किराणा दुकान लागतं, आणि तिथून तीन किलोमीटर चढ. हा चढ मी दर बुधवारी मोटरसायकलला तांदळाची चुंगडी बांधून चढतो, कारण माझ्या डोक्यात भुसा भरलाय.

वरचा भूगोल सोपा आहे. उत्तरेला साहेबांचे बंगले, तिथे आता अस्वलं राहतात. दक्षिणेला कामगारांच्या चार चाळी, त्यातली दीड उभी आहे. मधे बाजारचौक, आणि पूर्वेला बोगद्याचं तोंड, ज्यातून गोऱ्या साहेबापासून तिसऱ्या कंपनीपर्यंत सगळ्यांनी मँगनीज ओढून नेलं. इतिहास त्याहून सोपा. दगड होता तोवर शाळा, दवाखाना, शनिवारी पडद्यावर सिनेमा, अडीच हजार माणसं. दगड संपला, कंपनी म्हणाली रामराम. सत्तावीस वर्षं झाली. जाताना तिनं दारं-खिडक्यासुद्धा उपटून नेल्या. माणसं तेवढी ठेवली, त्यांना भंगारात भाव नव्हता.

आता वर चार जण आहेत. एका घरात सुखराम आणि त्याची बायको शामकला. दुसऱ्यात दुधरामकाका आणि सुलोचनाकाकू. काका खाणीत बिल्लेवाले होते. आत जाणाऱ्या प्रत्येकाला नंबराचा पितळी बिल्ला द्यायचा, बाहेर आला की परत घेऊन फळीवर खिळ्याला लटकवायचा. फळी भरली म्हणजे सगळे बाहेर. खाण बंद झाली, पगार बंद झाला, हा माणूस काही बंद झाला नाही. आजही कोणी वर आलं की काका चौकात हजर, हातात बिल्ला. मी चड्डीत होतो तेव्हापासून ते मला ओळखतात, पण सतरा नंबर घेतल्याशिवाय तेलाची पिशवी उतरवू देत नाहीत. परत करायला विसरलो तर अर्ध्या उतारापर्यंत हाका मारत येतात. वय सत्त्याहत्तर!

गेल्या उन्हाळ्यात कागद आला, की वस्तीची पाहणी होणार. पंचवीस माणसं राहत असतील तर विजेची लाईन राहील, नाहीतर गाव रिठी, म्हणजे सरकारच्या लेखी ओसाड, आणि तारा काढणार. तारा गेल्या की पंप गेला, पंप गेला की पाणी गेलं, आणि मग काकांना फुलचूरला मुलाकडे जाणं आलं. वीरेंद्रचं घर झकास आहे, सूनही गुणाची. काका तिथे एकदा पंधरा दिवस राहून आले होते. म्हणाले, "चांगले लोक हायेत बाप्पा. पन मले कोनी काईच करू देत नाई. मरन मी तिथं."

ते खरंच मरतील असं मला वाटलं. म्हणून मी अक्कल लढवली. माझी अक्कल, म्हणजे बघा आता.

पाहणीच्या दिवशी सकाळी टेम्पो भरून बावीस माणसं वर चढवली. जुने कामगार, त्यांच्या सुना, माझी मावशी. सगळ्यांना पोहे कबूल केले. कोणी चूल पेटवायची, कोणी दोरीवर लुगडी वाळत घालायची, सगळं ठरलेलं. शामकलाबाईनं तर तीन पडकी घरं सारवून काढली. काकूंनी नवऱ्याला बजावलं, "तुमी फक्त तोंड बंद ठेवा जी."

पाहणीचे साहेब आले. चुलींचा धूर पाहिला, लुगडी पाहिली, खूश झाले. "वस्ती तर चांगली नांदती आहे," म्हणाले. मी मनात माझ्याच पाठीवर थाप मारली. मग फॉर्म भरायला साहेब बसले ते नेमके चौकात, काकांच्या फळीसमोर.

"बाबा, हे काय आहे?"

अरे देवा! काका ताठ उभे राहिले. "हे हजेरी व्हय साहेब. खालच्या रांगेत चार, ते इथंच रायतेत. वरच्या रांगेतले बावीस बिल्ले आज टेम्पोतून आले त्यायनं नेलेत. संध्याकाळी उतरतीन ते."

टेम्पोतून उतरता उतरताच त्यांनी बावीसच्या बावीस जणांना बिल्ले वाटले होते! साहेबांनी माझ्या मावशीकडे पाहिलं. तिच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी एकशे चार नंबर लटकत होता. साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि पोहे न खाताच गेले.

मग मी काकांवर तोंड सोडलं. "काऊन सांगतले तुमी? येडे झाले का? तुमच्याच पान्यासाठी मरून राहिलो ना मी!"

काका फळीकडे वळले. म्हणाले, "इशरदास माहा लहाना भाऊ. एक डाव त्याचा बिल्ला दुसऱ्यानंच आनून देल्ला. म्हने, तो पुढं निघाला घरी. म्या तोंड न पायता लटकवला. फळी भरली, सुरुंग उडवाले हो म्हनलो मीच. तो इसरलेल्या डब्यासाठी मांगं खानीत फिरला होता. अन् फळी भरली होती म्हनून सकाळपर्यंत त्याले कोनी शोधलंच नाई."

इतकी वर्षं मी या माणसाला चक्रम म्हणून हसत आलो होतो. फार लाज वाटली. पोह्यांचं पातेलं उचललं आणि सगळ्यांना घेऊन खाली आलो.

दोन महिन्यांनी आदेश आला. काकांना बारीक अक्षर दिसत नाही, मीच वाचून दाखवला. गाव रिठी, लाईन काढणार. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. काका मान हलवत म्हणाले, "काढू दे. नाल्यावरून पानी आनू. फुलचूरले मी जात नाई." मग मी शेवटची ओळ वाचली. राहती लोकसंख्या: निरंक.

"निरंक म्हंजे?"

"म्हणजे इथं कोनीच नाही. रिठी गावाच्या कागदावर तसंच लिहितात, काका."

काका उठले आणि पायात चपला सरकवल्या. "गाडी काढ. हापिसात जाऊ."

"लाईनचं आता काही होत नाही."

"लाईन गेली चुलीत. मले चार लिवून पायजे." त्यांनी आदेश माझ्या हातातून घेतला. "उद्या हा डोंगर बसला, त कागद पाहून म्हनतीन, वर कोनीच नोहतं. मंग आमाले शोधाले कोन येईन?"