टाचणीमास्तरांचं माप

आमच्या गल्लीतले शिंपी, टाचणीमास्तर, पन्नाशी उलटल्यावर मोटरसायकल घेणार हे कळलं, तेव्हा आमची उघडी पडलेली तोंडं संध्याकाळपर्यंत मिटली नाहीत. उभ्या जन्मात हा माणूस सायकलवर दोनदा बसला, तिसऱ्यांदा ती ढकलत घरी आला. तोंडात कायम टाचण्या, म्हणून हे नाव, बोलणं बेताचंच. पण गुडघे कुरकुरू लागले होते. घरोघरी मापं घ्यायला जाणं थांबलं तर अर्धी गिऱ्हाइकं तुटणार होती.

त्यांच्या बायकोनं, मास्तरीणबाईंनी, मात्र साफ सांगितलं, की ते यंत्र या दारात उभं राहणार नाही. बाईंचा शब्द म्हणजे विषय संपला.

तरी मास्तर खिशात टेप घालून शोरूमला गेलेच. नवख्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, एवढं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. त्यांनी सीटची उंची मोजली, आपल्या पायाची लांबी आठवली आणि एक उंच, झगमगीत गाडी पसंत केली. बसले. पाय लोंबकळले. गाडी सावकाश कलली आणि मास्तरांना घेऊन आडवी झाली.

बातमी गल्लीत पोचायला किती वेळ लागणार? बाई पदर खोचून निघाल्या. आम्हीही मागोमाग, अर्थात काळजीपोटी. आता मास्तरांची खरडपट्टी निघणार, अशी आमची खात्री. बाईंनी त्यांना उभं केलं, टेप हिसकावली आणि थेट त्यांच्या पायाला लावली.

"अहो, तुम्ही धरलेलं माप कधीचं?"

"लग्नाच्या पॅंटचं. मीच घेतलं होतं."

"वाकून स्वतःचं माप घेतं का कुणी? ती लांब होऊन पायात येत होती. मीच आत दुमडली. पुढच्या सगळ्याही मीच शिवल्या, दोन इंच कमी. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

सत्तावीस वर्षं! अख्ख्या गावाच्या कमरा तोंडपाठ असलेला माणूस स्वतःच्या पायांबद्दल अंधारात. तोंडात टाचणी असती तर त्या क्षणी गिळली गेली असती.

बाई मग गाड्यांच्या रांगेतून टेप लावत फिरल्या. गोल दिव्याची, काळी, बुटकी, जुन्या वळणाची एक साधी गाडी त्यांनी बाहेर काढायला लावली. मास्तर बसले. दोन्ही टाचा फरशीवर टेकल्या.

आम्ही हुश्श करणार, तोच बाई मागच्या सीटवर चढून बसल्या.

"मॅनेजरसाहेब," खाली बघत त्या म्हणाल्या, "इथे माझा पाय पोचत नाही. फूटरेस्ट जरा वर घेऊन द्या."