आप्पांची पट्टी

जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या मराठी मंडळींत अश्वजितला इंजिनिअर म्हणून कुणी ओळखत नसे. तो 'आप्पांचा मुलगा'. आप्पा म्हणजे शाहीर राजानंद. मराठवाड्यातल्या कितीतरी वस्त्यांत त्यांच्या आवाजाशिवाय भीमजयंती सुरू झाल्यासारखी वाटायची नाही. पांढरी चारची उंच पट्टी. माईक बंद पडला तरी आवाज मागच्या रांगेपर्यंत खणखणीत पोचायचा. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि त्या आवाजाची नुसती फुसफूस उरली. तेव्हापासून फोनवर त्यांचं एकच मागणं, "माझं गाणं तुझ्या गळ्यात राहू दे रे बाळा."

ते राहिलं. अश्वजित इथल्या कार्यक्रमांत गाऊ लागला, हॅम्बर्गहूनही बोलावणी यायला लागली. पण त्याचा मूळ आवाज खर्जातला, भरदार. आप्पांच्या उंचीवर जायचं तर मानेच्या शिरा तट्ट फुगायच्या. वरच्या मजल्यावरच्या बाईंची तक्रार नको म्हणून तो खाली केलरमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळघरात, सायकली आणि हिवाळी टायरांच्या मधे उभा राहून रियाज करायचा. त्याची बायको रोहिणी ज्येष्ठमध उगाळून द्यायची. एकदा थुंकीत रक्त दिसलं, तशी तिनेच त्याला ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"स्वरतंतूंवर गाठी आहेत," बाई म्हणाल्या. "अशा उंचीवर गात राहिलात तर बोलणंही कायमचं बिघडेल. खाली गा."

खाली गा! घाबरायचं सोडून अश्वजितला आतून हलकंच वाटलं. त्याच रात्री केलरमध्ये त्याने आप्पांचं गाजलेलं गाणं खालच्या पट्टीत, पांढरी एकमध्ये धरून पाहिलं. शब्द तेच, पण मैदानाला हाक मारल्यासारखे नव्हे, शेजारी बसलेल्याला सांगितल्यासारखे. रोहिणी कपडे धुवायला खाली आली होती. ती टोपली घेऊन पायरीवरच टेकली.

"अहो, हे तुमचं आहे," ती म्हणाली. "जयंतीला असंच गा."

जयंतीला नेमके आप्पाही आले होते. व्हिजा मिळाला, म्हणून लेकाचं गाणं ऐकायला. त्यांना गाठींचं सांगायचा धीर अश्वजितला झाला नाही. पट्टी खाली घ्यायची एवढं मात्र पेटीवर बसणाऱ्या निहारला सांगितलं, आणि मागून झील धरणाऱ्या यशवंतकाकांनाही.

"पांढरी एक?" काका हसले. "अरे, जयंती आहे, अंगाई म्हणतोस की काय?"

"काका, घशाचा त्रास आहे. तुम्ही झील खालीच धरा."

"जा जा, गेनाऊ!" काकांनी जर्मनमध्ये 'हो हो, अगदी' म्हणून टाकलं. "धरतो की."

ब्युर्गरहाउसचा, म्हणजे इथल्या नागरी सभागृहाचा, हॉल भरला. त्रिसरण-पंचशील झालं, पुष्पं वाहून झाली. पहिल्या रांगेत आप्पा, पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात. अश्वजितने मनोमन वंदन केलं आणि खालच्या पट्टीत सुरुवात केली. पहिली ओळ झाली. बडबडणारी पोरंही गप्प झाली. दुसरी ओळ. मागे एक म्हातारी डोळे मिटून डोलायला लागली. ही आपली जागा, त्याला वाटलं, इथे आपल्याला श्वास घेता येतो.

मग झीलची पाळी आली. काकांच्या मनात खोट नव्हती. पण वर्षानुवर्षं गाडीत आप्पांची कॅसेट ऐकलेला गळा तो. ध्रुपद आलं की आपोआप त्याच उंचीला जायचा. काकांनी वर उचललं, बाकीच्यांनी त्यांच्यामागे, आणि सगळा हॉल टाळ्या वाजवत आप्पांच्या पट्टीत गाऊ लागला. निहारने अश्वजितकडे पाहिलं. करतो काय! त्याची बोटं वर सरकली.

आता एकतर थांबायचं, नाहीतर चढायचं. आप्पा खुर्चीवरून उठले होते. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

अश्वजित चढला. शेवटच्या कडव्यापर्यंत वरच राहिला.

"हुबेहूब!" काकांनी त्याला मिठी मारली. "डोळे मिटले तर आप्पाच!" हॅम्बर्गहून आलेल्या अरुंधतीताई गर्दीतून पुढे झाल्या. "बुद्धपौर्णिमेला आमच्याकडे यायचंय हं. हेच गाणं, आणि अस्संच."

अश्वजितने तोंड उघडलं. हवा आली, शब्द आला नाही.

"येईल, येईल," आप्पा फुसफुसले. त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. "माझा आवाज परत आला, पोरी. तो कशाला नाही म्हणेल?"

रोहिणी खिरीची वाटी खाली ठेवून तरातरा पुढे आली. "आप्पा, मला सांगायचंय. डॉक्टर म्हणाल्या..."

अश्वजितने तिचं मनगट धरलं, घट्ट, आणि अरुंधतीताईंकडे बघून मान डोलावली.