पंचफुलाबाईची झोप

नाचणगावची पंचफुलाबाई पुलगावच्या बाजारात भाजी घेऊन बसली की तिचा आवाज पार मटणाच्या दुकानापर्यंत जायचा. सांभार म्हणजे कोथिंबीर, ढेमसं, वांगी, सगळं घरच्या वावरातलं. कुणी भाव पाडून मागितला की ती अख्ख्या बाजारासमोर त्याची खरडपट्टी काढायची. लोकांना त्याचीच गंमत वाटायची. गुडाखूनं दात घासायची सवय मात्र ती माहेराहून घेऊन आली होती, आणि त्या तंबाखूनंच तिचा जबडा खाल्ला.

वर्ध्याच्या दवाखान्यात जबड्याचं हाड अर्धं काढलं, छातीचं मांस लावून गाल शिवला, मग मानेला किरणांचे शेक दिले. चेहरा एका बाजूला ओढला गेला, तोंडातली लाळ आटली. बोलणं तेवढं वाचलं. बोबडं, पण खणखणीत.

वर्षभरानं तिला झोप छळू लागली. भर बाजारात, हातात तराजू असताना मान पडायची. घोरणं असं की येणारेजाणारे थांबून बघत. शेजारी लसूण विकणारा नानाजी तेवढ्यात तिच्या पाटीतली वांगी आपल्या ओळखीच्यांना वाटून टाकायचा.

घरीही तेच. मुलगा धनंजय वैतागून म्हणायचा, "माय, बिमारी तं गेली ना आता? मंग दिवसभर झोपून काऊन राह्यली?"

एका दुपारी ती ओसरीवर पडली असताना सून अंकितानं मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढला आणि 'आमच्या घरचा ट्रॅक्टर' असं लिहून भावकीच्या ग्रुपवर टाकला. सगळे पोट धरून हसले. पंचफुलाबाईच्या नणंदेनं तो मुद्दाम बाजारात आणून तिला दाखवला. ऑपरेशन झाल्यापासून तिनं आरसा पाहिला नव्हता. तो वाकडा, वासलेला जबडा आपलाच आहे हे कळायला तिला वेळ लागला.

पुढच्या तपासणीला ती रागानं धनंजयला म्हणाली, "दाखव डाक्टरले, तुह्या बायकोचे गुण!"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी व्हिडिओ परत लावला. "इथं घोरणं थांबलं, बघा. तुम्हाला वाटलं शांत झोपल्या. इथं त्यांचा श्वास बंद पडलाय."

ऑपरेशन आणि शेक यांनी गळा आतून आखडला होता. झोप लागली की तो मिटायचा, जीव गुदमरून जाग यायची, डोळा लागला की पुन्हा मिटायचा. रात्र अशी जायची, म्हणून दिवसा झापड. रात्रभर झोपेत तारा लावून तपासणी केली, तेव्हा तेच निघालं. नाकातोंडावर मास्क लावून हवा देणारं यंत्र आणलं, पण शिवलेल्या गालावर तो मास्क बसेना. हवा शिट्टी वाजवत बाहेर जायची. शेवटी डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून श्वासासाठी नळी बसवायचं सांगितलं.

"बोलता येईन का?"

"भोकावर बोट धरून. थोडंफार."

"मंग मले नाई पाह्यजे. मरू द्या, पण..."

पुढचं वाक्य राहिलंच. बसल्या बसल्या तिला झोप लागली. मग श्वास अडकून ती दचकून उठली, तेव्हा तोंड निळं पडलं होतं. धनंजय कपाळाला हात लावून म्हणाला, "तुह्यापायी घरात कोणाले झोप नाई, माय. लाव अंगठा."

तिनं अंगठा लावला.

जखम भरल्यावर ती पुन्हा बाजारात बसली. भोकावर बोट ठेवून ओरडायला गेली तर नुसती घरघर. खोकला आला की नळीतून शिंतोडे उडायचे. एका बाईनं हातातली सांभाराची जुडी ढिगावर फेकली आणि पदराला हात पुसले. नानाजीनं सरळच सांगितलं, "बाई, घरी बस ना आता. लोकाईले किळस येते."

त्याच आठवड्यात धनंजयनं तिच्या जागी अंकिताला बसवलं.

आता पंचफुलाबाईला रात्रभर गाढ झोप लागते. पाट्या बाजारात गेल्या की ती ओसरीवर टक्क जागी बसून राहते. शेजारणी पूर्वी गप्पांना यायच्या, आता रस्त्यावरूनच बोलतात. मोबाइलमध्ये काय चाललंय, कोण कशाला हसतंय, सगळं तिला नीट कळतं.

परवा बाजारातून आल्यावर अंकिता म्हणाली, "आई, दुपारी पडत जा ना जरा. दिवस तं जाईन."

पंचफुलाबाईनं गळ्यावर बोट ठेवलं.

"झोप नाई येत," ती म्हणाली. अंकिताला ते नीट ऐकू गेलं नाही. ती आत निघून गेली.