एक घोट चहाएवढी जागा

त्या दिवशी बँड उघडा होता. विनायकला मी सांगितलं होतं की बंद होता, सकाळपासून लखनौमध्ये रेडिओवर नुसती खरखर येत होती, लांबचं काही ऐकूच येत नव्हतं. ते खोटं होतं. विनायक बापट जाऊन आता महिना होत आला. मानक नगरहून त्याच्या मुलीचा, मीनलचा, फोन आला तेव्हा रडू यायच्या आधी मला हे खोटंच आठवलं. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. पेपर उघडतो, मिटतो, व्हरांड्यात येतो, पुन्हा आत जातो...

आम्ही दोघं हॅम. म्हणजे सरकारी परवाना घेऊन, हौस म्हणून, घरच्या वायरलेस सेटवरून लांबलांबच्या लोकांशी बोलणारी माणसं. तो रेल्वेच्या संशोधन संस्थेत इंजिनिअर, राहायला मानक नगरच्या कॉलनीत. मी लखनौच्याच दुसऱ्या टोकाला, महानगर नावाच्या वस्तीत. इकडे मराठी बोलायला माणूस मिळाला, एवढ्यावरून मैत्री सुरू झाली. परवान्याच्या परीक्षेला त्यानंच मला तयार केलं, आणि पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावली. समोरच्याचं बोलणं संपलं की लगेच माइकचा स्विच दाबायचा नाही. "चहाचा एक घोट घे, मग बोल. तेवढ्या वेळात कुणीतरी लांबचा, बारीक आवाजाचा माणूस आत येऊ शकतो. तू न थांबता बोलत सुटलास, तर तो बाहेरच राहील बिचारा." त्याच्या सेटशेजारी स्टीलचा पेला कायम असायचा. चहा कधीच गार झालेला असायचा, तरी तो प्रत्येक वेळी घोट घ्यायचाच.

एखाद्या बर्फाच्या शिखरावरून एकदा तरी बोलायचं, हे त्याच्या डोक्यात कधी शिरलं कोण जाणे. पाठीवर नेता येईल असा छोटा सेट त्यानं घरीच जोडायला घेतला, तोही स्वयंपाकघरातल्या टेबलावर. "भावजी, यांना सांगा, सब्जी चिरायला हातभर जागा सोडा," सुमनवहिनी मला म्हणायच्या. गुडघा दुखायचा. डॉक्टर नको म्हणाले होते. "म्हणून तर आत्ता," तो म्हणाला, "पुढच्या वर्षी हा गुडघा ऐकायचा नाही." ठरलं असं की तो कुमाऊँमधल्या एका शिखरावर चढेल, तिथे अँटेनाची तार बांधेल आणि आमच्या नेहमीच्या फ्रिक्वेन्सीवर मला हाक मारेल. मी फक्त घरी बसून ऐकायचं. माझं काम एवढंच होतं.

मी बसलोही होतो. सकाळी बराच वेळ काही आलं नाही. मग सेटवर नागपूरचे नाना आले. नानांचा सेट दणदणीत, आवाज त्याहून. हुरडा, वांग्याचं भरीत, कुणाची बदली... इतक्या दिवसांनी पोटभर मराठी ऐकत होतो. नानांनी विचारलं, "अन् तुमचे ते बापट कुठं हाये?" मी म्हणालो, "बर्फात. मानक नगरहून महानगरला हाक मारायची तर हा गडी हिमालयावरून जातो." नाना खो खो हसले. ते हसले म्हणून मी आणखी रंगवून सांगत सुटलो. त्यांचं संपलं की माझं, माझं संपलं की त्यांचं. भानावर आलो तेव्हा आतून जेवायची हाक आली होती. पुढे ऐकत बसलो, पण काही आलं नाही.

विनायक परतला तो नाकाची सालं निघालेला, ओठ फुटलेला. बॅगही खाली न ठेवता त्यानं विचारलं, "ऐकू आलो होतो का रे मी?"

"नाही रे. बँडच बंद होता."

त्यानं बॅग खाली ठेवली. मग म्हणाला, "अच्छा. होतं असं." आणि चहा मागितला.

पुन्हा तो चढला नाही. गुडघ्यानं खरंच ऐकलं नाही. छोटा सेट शोकेसमध्ये मीनलच्या बक्षिसाच्या कपांशेजारी जाऊन बसला. नव्या मुलांना तो चहाच्या घोटाचं सांगायचा, मला मात्र त्यानंतर एकदाही सांगितलं नाही. मला वाटायचं, आता मी शिकलो असं त्याला वाटत असेल.

विनायकचे दिवस झाल्यावर घरी भेटायला गेलो. वहिनी त्याच्याबद्दल बोलता बोलता मध्येच हसल्या. "त्या शिखरावर पोचले तर रेडिओवर कोणीतरी यांचीच थट्टा करत होतं म्हणे. काय गं ते, मीनल?"

मीनलला मराठी कळतं, उत्तर हिंदीतून येतं. "वो... मानक नगर से महानगर बुलाना हो, तो हिमालय होकर जाओ. पापा हर मेहमान को सुनाते थे. कहते थे, ऐसे साफ़ आ रहा था जैसे बगल के कमरे से. वो बुलाते रहे, जब तक बैटरी चली."

"कोण होतं, ते मात्र कधी सांगितलं नाही," वहिनी म्हणाल्या. "विचारलं की म्हणायचे, आपलाच माणूस होता."

पेल्यातला चहा तसाच ठेवून उठलो.

परवाच्या रविवारी सकाळी मीनलला फोन करून विनायकचा मोठा सेट लावायला सांगितला, वहिनींनाही तिथेच बसव म्हणालो. आमच्या नेहमीच्या फ्रिक्वेन्सीवर सगळे जमले होते, नानाही. एकेक जण त्याच्याबद्दल बोलत होता. माझी पाळी आली. मी स्विच दाबला.

"विनायक, त्या दिवशी बँड उघडा होता. मी आणि नाना बोलत होतो. बोललो मी, थट्टा केली मी, आणि नंतर तुझ्याशी खोटंही मीच बोललो. तू वरून हाका मारत होतास आणि मी जागा सोडली नाही. वहिनी, तो आपला माणूस म्हणजे मी. माझं चुकलं. मला माफ करा."

मग स्विचवरचं बोट उचललं, आणि चहाचा एक घोट घेतला...