सूपभर ज्वारीची उकंडी

फोन आला तेव्हा मी कळमन्याच्या धान्य मार्केटात होतो. हमाली सुटून वर्षं झाली, पण सकाळी तिथं जाऊन बसल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. पोरगी रेखा एवढंच बोलली, "बाबा, घरी या." आवाज असा होता की काय झालं ते मी विचारलंच नाही. सुमन, माझी बायको, भाजी निवडता निवडता बसल्या जागी गेली होती. ना ताप, ना खोकला. डॉक्टर म्हणाला, हृदय. असेल. डॉक्टरला दुसरं काय दिसणार...

भेटायला आलेली माणसं सुमनबाई, सुमनबाई म्हणून रडली. तिचं पहिलं नाव त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण नवी नवरी असतानाच तिनं बजावलं होतं, "ते नाव माहेरीच राहू द्या. बोलाचं नाही, पुसाचंबी नाही." तिला त्या नावाची लाज वाटते असं मी समजायचो. तसं नव्हतं.

मागच्या वर्षी रेखाला वंशावळीचं खूळ लागलं. माझ्याकडची नावं सापडली, आईकडं गाडी अडली. काटोलकडच्या आईच्या माहेरगावात सुमन नावाची लेक कोणाला आठवेना. शाळेतही नाही. आईनं नाव बदललं असेल म्हणून तिनं सरकारी राजपत्रात शोधलं, तिथंही नाही. कसं असणार? लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलेलं नाव ते. तांदूळ शिजले, संपलं. शेवटी गावातली एक म्हातारी म्हणाली, "सुमन कोन वं? आमच्या उकंडीची पोरगी त नव्हं तू?" मग तिनं सगळं सांगितलं. सुमनच्या आधीची तीन लेकरं गेली होती. ही जन्मली तशी तिला उकंड्यावर, शेणाच्या ढिगावर ठेवलं. शेजारणीनं उचललं, अन् आईनं सूपभर ज्वारी देऊन स्वतःचीच पोर विकत घेतली. नाव ठेवलं उकंडी. टाकलेली पोर, परक्याची पोर... यमानं ढुंकून पाहू नये म्हणून. ते सूप सुमननं सासरी सोबत आणलं होतं. आमच्या स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेलं असायचं. त्यात तिनं कधी दाणा पाखडला नाही.

रेखा हे सांगताना हसत होती. सुमन हसली नाही.

"कोनाकोनाले सांगतलं तू?"

"काहून वं आई? लपवासारखं काय हाय त्यात?"

"लपवलं म्हनून मी जगली. मी जगली म्हनून तू हायेस."

रेखाचा हट्ट होता की दोन्ही नावं कायद्यानं जोडून घ्यावी, नाहीतर पुढची पोरं शोधतच राहतील. सुमननं साफ नकार दिला. मग आमची नात मीनल, रेखाची पोरगी, पुन्हा पोटुशी राहिली. तिच्या आधीच्या दोन्ही खेपा वाया गेल्या होत्या. ती बातमी ऐकली अन् सुमन आपणहून म्हणाली, "चाल रेखा. कुठी सही कराची ते दाखव."

सदर भागात एका वकिलाकडं गेलो. सुमननं त्याला एकच विचारलं, "जुनं नाव कापता, का दोन्ही छापता?"

"दोन्ही, मावशी. आधी पेपरात, पत्त्यासकट. मंग राजपत्रात. कोनालेबी सापडलं पायजे ना."

"कोनालेबी?"

"कोनालेबी," वकील हसला. सुमननं पदर सारखा केला अन् सही ठोकली.

बाहेर उसाचा रस प्यायला थांबलो. मी म्हटलं, "इतकी भेत होती, आता काहून वं?" ती गिलासाकडं पाहत बोलली, "त्याले इतके वर्सं मी गवसली नाही. आता गवसन. एकीले नेताना हात भरला का मीनलकडं पायनार नाही तो."

"येडी झाली का? यम का पेपर वाचते?"

"मंग तुमी काहून भेऊन राहिले?" असं म्हणून तिनं माझ्या गिलासातला अर्धा रस स्वतःच्या गिलासात ओतून घेतला.

पेपरात छापून आलं तेव्हा ती जाहिरातीवर बोट फिरवत होती. मला वाटलं, नावं पाहते आहे. नाही. घर नंबर, गल्ली... पत्ता बरोबर आहे का ते पाहत होती. राजपत्रही निघालं. त्यानंतर थोड्याच दिवसांत मला कळमन्यात फोन आला.

मी असलं काही मानत नाही. पोती वाहणाऱ्याला वजन कळतं, बाकीचं कळत नाही. रेखानं परवा वंशावळ दाखवली. आईच्या चौकोनात दोन्ही नावं आहेत. खाली रेखा, मग मीनल, अन् मीनलच्या खाली एक रिकामा चौकोन. मीनलचे दिवस भरत आले आहेत, बाळंतपणाला ती इकडंच येणार आहे. काल तिचा फोन आला, "आबा, पोरगी झाली त आजीचं नाव ठेवू? कोनतं ठेवू, सांगा ना." मी ओरडलोच. "नाव काढू नको! घरात नाही, फोनवरबी नाही." ती हळूच म्हणाली, "बरं."

आज सकाळी कळमन्याला गेलो, पण बसलो नाही. ज्वारी घेऊन परत आलो. खुंटीवरचं सूप काढलं, पुसलं, काठोकाठ भरलं अन् दाराशी ठेवलं. वस्तीत आता उकंडा राहिला नाही. पलीकडच्या गवळ्याच्या गोठ्यामागं ढीग आहे, तो पाहून आलो. शेजारच्या बाईला म्हटलं, हाक मारली की या. कशाला, ते तिनं विचारलं नाही.