शेवट आधी सांगायची पद्धत

दारव्ह्यात आमच्या वाचनालयाच्या सभागृहात महिन्यातल्या शेवटच्या रविवारी दुपारी गाण्यांचा एखादा जुना सिनेमा दाखवतात. सुरुवातीची दहा मिनिटं मी बोलतो. निवृत्त झाले तरी मास्तरकी काही सुटली नाही, असं बायको म्हणायची. आमच्याकडे सिनेमाचा शेवट आधीच सांगतात. बाहेरच्यांना हा अडाणीपणा वाटतो, वाटू दे. पद्धत तिनेच पाडलेली. मी बोलताना रंगात आलो की तिसऱ्या रांगेतून विचारायची, "थे राहू द्या. शेवट गोड हाये नं?" मी हो म्हटलं की सगळ्या बायका पदर सावरून निवांत बसत.

दिवाळीच्या सुट्टीतला सिनेमा ठरलेला. दिवाळीत सुरू होतो, दिवाळीतच संपतो, मध्ये नऊ गाणी. नायिका शेवटचं ओवाळणीचं गाणं म्हणते आणि पाच मिनिटांत मरते. ती पाच मिनिटं आमच्याकडे कुणी पाहिलेली नाहीत. लग्न नवं असताना आम्ही हा सिनेमा यवतमाळला पाहिला. शेजारच्या बाईने शेवट फोडला, तशी गाणं संपताच बायकोने माझं मनगट धरून मला ओढत बाहेर आणलं. इथेही मग गाणं संपलं की प्रोजेक्टर बंद. तो चालवणारा माझा मित्र मोटारी दुरुस्त करतो, आणि भाभीच्या हुकुमाबाहेर तो कधी गेला नाही. त्यामुळे सगळ्यांच्या लेखी नायिका सुखरूप आहे.

श्रावणात बायको गेली. लोक भेटायला यायचे, मी त्यांना चहा विचारायचो. रडू आलं नाही. जेवण जात होतं, झोप लागत होती. मुलीचा फोन आला की "आई नाही आता" एवढंच म्हणायचो, हवापाणी सांगावं तसं.

यंदा खिडक्यांना चादरी बांधताना मित्राने हळूच विचारलं, "गुरुजी, आज कुठी बंद करू?"

"नेहमीच्या जागी," मी म्हणालो.

बोलायला उभा राहिलो. गाणी, वाद्यं, चाली, सगळं पाठ होतं, तोंड आपोआप चालत होतं. तिसऱ्या रांगेतल्या तिच्या खुर्चीवर कुणाची तरी पिशवी होती. शेजारी तिची भिशीतली मैत्रीण बसली होती. कुणी विचारत नाही हे पाहून शेवटी तीच बोलली, "गुरुजी, शेवट गोड हाये नं?"

"नाही," मी म्हणालो. "मरते ती."

मरणे हा शब्द तीन महिन्यांत पहिल्यांदाच माझ्या तोंडातून निघाला होता.

"असं काहून?" म्हातारी चिडलीच. "मांगच्या दिवाळीत तं नव्हती मेली!"

सगळे हसले. मी मित्राकडे वळून म्हणालो, "भाई, आज पूर्ण चालू दे."

पिशवी उचलून तिच्या खुर्चीत बसलो. सिनेमा पाहिला, म्हणजे डोळे उघडे होते. ओवाळणीचं गाणं संपलं तसं सवयीने अर्धं सभागृह उठलं. मीही उठलो. मनगट कुणी धरलं नाही. मी परत खाली बसलो आणि मला रडू फुटलं. पडद्यावर नायिका तेव्हा अजून जिवंत होती.