एका शब्दाची दुरुस्ती

आमच्या गल्लीत दादाच्या दुकानाची पाटी सगळ्यात मोठी होती आणि तिच्यावर एकच शब्द होता, 'दुरुस्ती'. कशाची, ते लिहिलंच नव्हतं. पंखा, मिक्सर, शिलाई मशीन, माझ्या दुकानातली इस्त्री, काहीही न्या. "उघडून बघतो, मग सांगतो," एवढंच तो म्हणायचा. न उघडता कुणाला शब्द द्यायचा नाही, हा त्याचा खाक्या. वहिनीच्या स्थळालाही त्याने हेच उत्तर दिलं असेल, अशी आम्ही त्याची चेष्टा करायचो.

त्याचा धाकटा भाऊ वकील. आईवडील लवकर गेले, तेव्हा दादाने स्वतःची शाळा सोडून त्याला शिकवलं. भावाचं ऑफिस दुकानाच्या वरच्याच खोलीत होतं. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, दादा वर बोट दाखवून "आमचा वकील" असं सांगितल्याशिवाय त्याला सोडायचा नाही.

गेल्या वर्षी, कधी नव्हे ते, घटनादुरुस्तीवर सार्वमत घ्यायचं ठरलं. हो किंवा नाही, एवढंच मत द्यायचं होतं. पण घटनेत असं काय बिघडलं होतं, ते गल्लीत कुणालाच कळेना. शेवटी दादाने भावाला खाली बोलावलं. आम्ही सगळे दुकानात दाटीवाटीने उभे राहिलो आणि वकिलाने नवं कलम घडाघडा वाचून दाखवलं. सार्वजनिक कामासाठी कुणाची जागा घ्यायची झाल्यास सरकारने त्याला पर्यायी जागा दिली पाहिजे किंवा त्याची बाजू ऐकून घेतली पाहिजे.

"म्हणजे आपलं ऐकणार?" मी विचारलं.

"ऐकावंच लागेल. आणि ताई, नावच बघा ना. दुरुस्ती आहे. दुरुस्तीने कधी कुणाचं वाईट झालंय का, विचारा दादाला."

दादा इतका खूश झाला की विचारू नका. दुसऱ्या दिवसापासून तो दुकानोदुकानी सांगत सुटला, "डोळे झाकून हो म्हणा, माझा भाऊ सांगतोय." उघडून बघितलंस का, असं त्याला कुणीच विचारलं नाही. आम्ही मुकाट्याने 'हो'वर शिक्का मारून आलो.

मतदानाच्या आधीच वकिलाने ऑफिस मोठ्या रस्त्यावर हलवलं होतं. इथे गाडी लावायला जागा नाही म्हणाला. टेबलं उचलायला दादाच गेला होता.

पुढे रस्ता रुंद करायचा म्हणून सगळ्या गल्लीला नोटिसा आल्या. दादा बिनधास्त होता. सुनावणीला मीही त्याच्याबरोबर गेले. साहेबांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मध्ये एकदाही न बोलता सगळं ऐकून घेतलं.

"मग दुसरी जागा कुठे देताय?" दादाने विचारलं.

"तुमची बाजू ऐकली ना आम्ही," साहेब म्हणाले. "दोन्हींपैकी एकच करायचं असतं आता. पूर्वी कलमात 'आणि' होतं, दुरुस्तीत 'किंवा' झालं. तेवढाच तर बदल होता."

तिथून आम्ही तडक भावाच्या ऑफिसात गेलो.

"दादा, मी अख्खं कलम वाचून दाखवलं होतं," तो म्हणाला. "'किंवा'सुद्धा वाचलं होतं."

"वाचलंस. सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

मला त्याच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटली. तो खोटं बोलला असता तर निदान भांडता तरी आलं असतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. दादा मात्र वळला आणि जिना उतरला.

दुकानं पडली. मी आता दुसऱ्याच्या दुकानात इस्त्री करते. दादा घराच्या व्हरांड्यात बसून काम करतो. पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवलीय. परवा मी इस्त्री घेऊन गेले होते, तेवढ्यात वकील ऑफिसातला पंखा घेऊन आला. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदाच आला होता.

"फिरतच नाहीये. बघ ना जरा उघडून," तो म्हणाला.

दादाने पंखा हातात घेतला. "सगळ्यांच्या वस्तू उघडून बघितल्या रे," तो म्हणाला. "तुला तेवढं कधी बघितलं नाही."

मग त्याने पंखा उघडला, नीट केला, पुसूनही दिला. आत ये मात्र म्हणाला नाही.